फ्रिजला हात लावला की करंट येतो, दुरुस्त केलं तरी पुन्हा येतो: दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार नेहमी एकाच चालीवर येते. फ्रिजचं दार उघडताना बोटांना झिणझिण्या येतात. अनवाणी असलं की जास्त, चप्पल घातली की कमी. वायरमन येऊन काहीतरी करून जातो, चार-सहा महिने बरं चालतं आणि उन्हाळ्यात किंवा पहिल्या पावसात पुन्हा सुरू होतं. मग फ्रिजच खराब आहे असं ठरतं. नवा फ्रिज येतो, आणि तोही करंट मारतो.

मी सांगली, मिरज, कुपवाड भागात घरांच्या वायरिंगचं काम करतो. गावभागातल्या, खणभागातल्या जुन्या घरांतून हे ऐकायला मिळतं, तसंच विश्रामबागकडच्या नव्या फ्लॅटमधूनही मिळतं. बहुतेक ठिकाणी फ्रिज धडधाकट असतो. आजारी असते ती पिनेतली तिसरी वायर, म्हणजे अर्थिंग. ते दुरुस्त न करता केलेला प्रत्येक उपाय करंट लपवतो, घालवत नाही. लपलेला करंट जास्त धोक्याचा, कारण घरातल्या माणसांचं भय गेलेलं असतं.

आत्ता, या घडीला करंट येत असेल तर आधी एवढं करा. कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून, फ्रिजच्या बॉडीला न शिवता सॉकेटचं बटण बंद करा आणि पिन काढून ठेवा. पिन गरम किंवा काळी पडलेली असेल, सॉकेट सैल असेल किंवा भिंत ओली असेल तर पिनेला हातही लावू नका, मेन स्विच खाली करा. दूध-भाजी शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवता येते. पोरं पाणी प्यायला अनवाणी येतात आणि ओल्या हाताने दाराची मूठ धरतात, म्हणून "उद्या बघू" हे इथे चालत नाही. करंट आहे की नाही हे बोट लावून परत परत तपासत बसू नका.

बारीक करंट आणि मारणारा करंट

आजकालच्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. त्या कार्डातला फिल्टर फेजकडून (करंट आणणारी वायर) एक आणि न्यूट्रलकडून (परत नेणारी वायर) एक असे लहान कपॅसिटर फ्रिजच्या बॉडीला जोडतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. त्यातून झिरपणारा अगदी थोडा करंट अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जावा अशी अपेक्षा असते. अर्थिंग नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास जाऊन बसते. टेस्टर लावला की पेटतो, बोट लावलं की झिणझिणतं. म्हणून अगदी नवा कोरा फ्रिजसुद्धा अर्थिंग नसलेल्या घरात करंट मारतो. दुकानात ज्या सॉकेटला तो चालवून दाखवतात त्याचं अर्थिंग चांगलं असेल, तर तिथे काहीच जाणवत नाही.

हा झिरपा एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो. अर्धा मिलिअँपिअर झाला की माणसाला कळायला लागतं. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली मूठ सोडवत नाही. तीसच्या पुढचा करंट अंगातून काही क्षण वाहिला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. आता अडचण अशी की झिरप्यानेही टेस्टर पेटतो आणि कॉम्प्रेसरची वायर बॉडीला टेकली तरीही टेस्टर पेटतो. निऑनच्या त्या दिव्याला इतका कमी करंट पुरतो की तो दोन्हींत फरक दाखवूच शकत नाही. "थोडाच आहे, चालतंय" हे टेस्टर बघून कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. आज थोडा आहे तो कपॅसिटरचा असेल. उद्या उंदराने मागची वायर कुरतडली की त्याच बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि त्याला जायला वाट नसल्याने तो हात लावणाऱ्या माणसाची वाट बघत थांबेल.

जे उपाय केले जातात आणि का करू नयेत

फ्रिजखाली लाकडी फळी, समोर रबरी मॅट. "फळी घातली हो खाली, आता लागत नाही," असं काकू समाधानाने सांगतात. फळीने बॉडीवरचा करंट एक व्होल्टनेही कमी झालेला नसतो. फ्रिज आधीही रबरी किंवा प्लास्टिकच्या पायांवरच उभा होता. मॅटवर उभं राहिल्याने आपल्या अंगातून जमिनीकडे जाणारी वाट तेवढी अडते. मॅट ओली झाली, किंवा एक हात फ्रिजवर आणि दुसरा स्टीलच्या सिंकवर किंवा नळावर गेला, की फळीचा काही उपयोग नाही.

तीन पिनेतली जाड, लांब पिन कापून टाकणं किंवा दोन पिनेचा कन्व्हर्टर लावणं. ही जाड पिन मुद्दाम लांब केलेली असते. सॉकेटात घालताना अर्थिंग आधी जुळावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं, यासाठी. ती कापणं म्हणजे कारखान्याने दिलेलं संरक्षण आपल्या हाताने काढून टाकणं.

नळाच्या पाइपला अर्थिंगची वायर गुंडाळणं. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत असायचे तेव्हा थोडंफार भागायचं. आता मध्येच पीव्हीसीचा तुकडा असतो. मग करंट जमिनीत जात नाही, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातल्या नळावर जातो, आणि तिथे माणूस ओल्या अंगाने उभा असतो.

पण या सगळ्यांपेक्षा वाईट प्रकार वेगळाच आहे, आणि तो वरून दिसत नाही. सॉकेट उघडून न्यूट्रलच्या स्क्रूवरून दोन इंचाची वायर अर्थिंगच्या स्क्रूवर टाकली जाते. बॉडीचे ११५ व्होल्ट तत्काळ शून्यावर येतात, झिणझिण्या थांबतात, टेस्टर पेटत नाही. सगळे खूश. पण आता फ्रिजची बॉडी न्यूट्रलला बांधलेली आहे. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा वारा सुटला आणि खांबावरून घरात येणाऱ्या न्यूट्रलचा जोड निसटला, तर घरातल्या चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून फेज न्यूट्रलच्या वायरीत येते आणि तिथून थेट फ्रिजच्या बॉडीवर. घरात लाइट गेली असं वाटतं, कुणीतरी अंधारात फ्रिज उघडायला जातं, आणि बॉडीवर मात्र पूर्ण दाब, म्हणजे व्होल्टेज, असतो. वायरिंगचं काम करताना कुणी मेनला फेज-न्यूट्रल उलटे लावले, तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. शिवाय हा तुकडा आरसीसीबीलाही, म्हणजे करंटची गळती दिसताच मेन तोडणाऱ्या स्विचलाही, फसवतो. फेजमधून गळलेला करंट न्यूट्रलनेच परत येत असल्याने आत-बाहेरचा हिशोब जुळतो आणि ते पडत नाही.

कुणी वायरमन "पाच मिनिटांत करतो, खड्डा-बिड्डा काही नको" म्हणाला तर विचारा की तो तिसरी वायर नेमकी कुठे जोडणार आहे. उत्तर "न्यूट्रलला" असेल तर नम्रपणे नको म्हणा.

पिनेपासून खड्ड्यापर्यंत मागे मागे जायचं

महावितरणच्या खांबावरून आपल्या साध्या घरात दोनच वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंगची तिसरी वायर खांबावरून येत नाही, ती आपल्या अंगणात पाइप पुरलेल्या खड्ड्यातून आणावी लागते. हे अनेकांना ठाऊक नसतं, त्यामुळे "लाइट तर नीट आहे, मग अर्थिंग कसं नसेल?" असा प्रश्न पडतो. अर्थिंग नसलं तरी फ्रिज व्यवस्थित थंड करतो, टीव्ही व्यवस्थित चालतो. म्हणूनच ही वायर वर्षानुवर्षं तुटलेली राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासणीची सुरुवात एका निरीक्षणाने करा. करंट केव्हा येतो? फ्रिजचं बटण बंद आहे, पिन मात्र सॉकेटात आहे, आणि तरी बॉडीवर टेस्टर पेटतो, असं असेल तर ती फार मोलाची खूण आहे. आपल्याकडच्या सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थिंग जोडलेलंच राहतं. तेव्हा बटण बंद असतानाचा करंट दोन वाटांनी येऊ शकतो. एक, सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे आहेत, त्यामुळे बटणाने न्यूट्रल तुटतो आणि फेज फ्रिजच्या आत पोचलेली राहते. दोन, दुसऱ्याच एखाद्या वस्तूतला करंट अर्थिंगच्या वायरीने फिरून फ्रिजवर येतोय. ही दुसरी गोष्ट मला सर्वांत जास्त वेळा सापडते. घरातल्या सगळ्या सॉकेटांची अर्थिंगची हिरवी वायर आपापसात जोडलेली असते, पण ती खड्ड्यापर्यंत पोचलेली नसते. मग गिझरच्या कॉइलमधली गळती गिझरवर, वॉशिंग मशीनवर आणि फ्रिजवर, सगळीकडे सारखी दिसते. सकाळी गिझर चालू असतानाच फ्रिज करंट मारतो, दुपारी मारत नाही, असं असेल तर फ्रिजवाल्याला बोलावून उपयोग नाही. तो दुपारी येईल, तपासेल, काही नाही म्हणेल आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जाईल. यात त्याचीही चूक नसते.

पिन काढल्यावर करंट थांबला तर तो पिनेतूनच येतोय हे पक्कं. पिन काढूनही बॉडीवर करंट राहिला, असं क्वचित घडतं, पण घडलं तर फ्रिज ओल्या भिंतीला टेकलाय आणि भिंतीतली जुनी वायर सोललेली आहे अशी शंका घ्या आणि मेन बंद करा. मातीच्या आणि दगडी भिंतींच्या वाड्यांत, जिथे अजून लाकडी पट्टीतलं वायरिंग आहे, तिथे पावसाळ्यात हे होतं.

पुढची पायरी मधल्या वस्तूंची. फ्रिजची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटात आहे, की मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्टॅबिलायझर आहे? जुन्या स्टॅबिलायझरची पिन दोन काड्यांची असते. फ्रिजचं अर्थिंग स्टॅबिलायझरपर्यंत येतं आणि तिथेच संपतं. भिंतीतलं अर्थिंग कितीही चांगलं असो, फ्रिजला ते मिळतच नाही. एक्स्टेन्शनचंही तसंच. वरून तीन छिद्रं दिसतात, आत मात्र दोनच वायरी ओढलेल्या असतात. ही तपासणी कुणालाही करता येते, पिन हातात घेऊन बघायची. आणि इथे दोष सापडला तर आनंदच आहे, कारण तो स्वस्तात सुटतो.

इथून पुढचं काम वायरमनचं. मल्टिमीटरने तो सॉकेटात तीन मोजमापं घेईल, ती तुम्ही समोर उभं राहून बघा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थिंग जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग एक-दोन व्होल्ट. फेज ते अर्थिंग ६०, ९०, ११० असं काहीतरी हलतं वाचन आलं तर अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलेली आहे. न्यूट्रल ते अर्थिंग बरोबर शून्य आलं आणि घरात मोठा लोड चालू असतानाही शून्यच राहिलं, तर खूश होऊ नका. तो दोन इंचाचा तुकडा आत असण्याचा संभव आहे. मेन बंद करून सॉकेट उघडून बघायला सांगा.

मल्टिमीटर मात्र अर्धवट उत्तर देतो. एका बारीक केसाएवढ्या तारेने जोड टिकून असेल तरी मीटर २३० दाखवेल, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. म्हणून जुने वायरमन १०० वॅटचा बल्ब होल्डरमध्ये घालून फेज आणि अर्थिंगमध्ये लावून बघतात. त्यातून सुमारे ०.४३ अँपिअर वाहतो. बल्ब न्यूट्रलवर जितका लख्ख लागतो तितकाच अर्थिंगवर लागला तर वाट बरी आहे, मंद लागला तर खड्डा किंवा जोड खराब. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताक्षणी ते पडायलाच हवं. हे काम घरच्यांनी करू नये. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या धातूच्या बॉडींवर फेज जाते. तेव्हा त्या वेळी कुणीही कशालाही हात लावू नये, आणि वायरमनने तसं आधी सांगायला हवं.

सॉकेट कोरं निघालं, म्हणजे तिथे हिरवी वायरच नसली, तर मेन बोर्डापासून नवी ओढावी लागते. वायर असून करंट परत येत असेल तर शोध खड्ड्यावर येऊन थांबतो.

खड्डा, माती आणि उन्हाळा

"दर उन्हाळ्यात परत का येतं?" याचं उत्तर इथे आहे. अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर काम करतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ओल टिकते, तिथे साधा खड्डाही बरा चालतो. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडे मुरूम आणि खाली कातळ. मार्चनंतर वरची माती वाळून भेगाळते आणि खड्ड्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कितीतरी वाढतो. साताऱ्याच्या डोंगराकडच्या भागात पाऊस भरपूर असला तरी खडक वर आलेला असतो, तिथेही पाइप पुरेसा खोल जात नाही. पावसाळ्यात उलटं कारण. खड्डा सुधारतो, पण स्वयंपाकघराची फरशी ओलसर होते आणि आपलंच अंग जमिनीशी चांगलं जोडलं जातं. म्हणून अर्थिंग अजिबात नसलेल्या घरात झिणझिण्या पावसाळ्यात वाढतात, आणि अर्थिंग दुबळं असलेल्या घरात उन्हाळ्यात. कोणत्या ऋतूत त्रास होतो हे वायरमनला आवर्जून सांगा, त्याचं निम्मं काम होतं.

अर्थिंगसाठी भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. त्यानुसार पाइपचं अर्थिंग करायचं तर जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किमान अडीच मीटर लांबीचा हवा. प्रत्यक्षात दीड फूट खोल गज ठोकून वर सिमेंट लावलेलं मी खूप पाहिलं आहे. त्याला अर्थिंग म्हणणं बरोबर नाही. कोळसा आणि मीठ घालण्याची आपली रीत ओल धरून ठेवण्यासाठी आहे, पण मिठाने पाइप आणि विशेषतः वरचा क्लॅम्प गंजतो. क्लॅम्प उघडून पाहिला तर बऱ्याचदा वायर गंजाच्या पापुद्र्यावर नुसती टेकलेली असते. घासून, नवा नट-बोल्ट लावून, वर ग्रीस लावलं की काही घरांत तेवढ्यानेच काम होतं. खड्ड्यावर झाकण ठेवा, फरशीखाली गाडून टाकू नका, आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. एका खड्ड्याने भागत नसेल तर दुसरा घ्या, पण पहिल्यापासून पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे साधारण पाच मीटर लांब. जवळजवळ खणलेले दोन खड्डे एकाच मातीवर भार टाकतात.

काम झाल्यावर अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. घरासाठी पाच ओहमच्या आत असेल तर उत्तम. मोजमाप न घेता "झालं, मस्त झालं" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी आकडा मागा.

चांगलं अर्थिंग पुरतं का? नाही

हे मी ठासून सांगतो, कारण इथे शिकलेली माणसंही थांबतात. समजा, अर्थिंगचा रोध पाच ओहम आहे आणि फेज थेट बॉडीला टेकली. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. सोळा अँपिअरचं घरगुती एमसीबी (जास्त लोड झाला की पडणारा स्विच) एवढ्यावर लगेच पडत नाही, ते तापून पडायला वेळ घेतं. रोध शंभर ओहम असेल, आणि उन्हाळ्यात मुरमाड जागेत तो होतो, तर करंट फक्त २.३ अँपिअर. एमसीबीला त्याची दखलही घ्यायची नसते, एखाद्या इस्त्रीपेक्षाही तो कमी आहे. तोवर बॉडीवर दाब तसाच.

आरसीसीबीचं काम वेगळं आहे. फेजने जितका करंट आत गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच ते बघतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की मेन तोडतं. शंभर ओहमच्या वाईट खड्ड्यावरही २.३ अँपिअर म्हणजे २३०० मिलिअँपिअर, त्यामुळे ते निमिषात पडतं. अर्थिंग अजिबात नसेल तर बॉडीवर करंट साचून राहतो आणि माणसाचा हात लागल्यावरच ते पडतं. झटका बसतो, पण धरून ठेवत नाही. म्हणून दोन्ही हवं. अर्थिंगमुळे माणूस मध्ये येण्याआधी मेन तुटते, आणि आरसीसीबीमुळे खड्डा वाळला तरी संरक्षण राहतं.

घेताना ३० मिलिअँपिअरचंच घ्या. १०० आणि ३०० चीही मिळतात, ती आग टाळण्यासाठी असतात, माणसासाठी नाहीत. आरसीसीबी लावलं म्हणून एमसीबी काढू नका, जास्त लोड ओळखणं आरसीसीबीला येत नाही. फ्रिजसाठी वेगळं लावता आलं तर फार चांगलं. नाहीतर न्हाणीघरातला गिझर ओला झाला म्हणून सगळ्या घराचं पडतं, घरचे लग्नाला कोल्हापूरला गेलेले असतात आणि परत येईपर्यंत फ्रिजमधलं सगळं नासलेलं असतं. त्या रागात लोक आरसीसीबी बायपास करायला सांगतात. तसं करू नका, फ्रिजची वाट वेगळी करून घ्या.

सगळं ठीक, तरी आरसीसीबी पडतंच

आता मात्र फ्रिजकडे बघायचं. नेमका फ्रिजच दोषी आहे का हे ठरवायला फ्रिजची पिन काढून एक दिवस घर चालवा. पडलं नाही तर फ्रिज. ठरावीक तासांनी पडत असेल तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधला डीफ्रॉस्ट हीटर तपासायला सांगा. तो बर्फ वितळवायला अधूनमधून चालू होतो आणि त्याच्या टोकाला पाणी शिरलं की तेवढ्या वेळेपुरतीच गळती होते. फ्रिज सुरू होतानाच पडत असेल तर कॉम्प्रेसर. दार उघडल्यावर पडत असेल तर दिव्याचा होल्डर किंवा दाराचं बटण. मागच्या बाजूला उंदराच्या लेंड्या दिसल्या तर वायरी बघा. मेकॅनिक मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बॉडी आणि वायरींमधला रोध मोजतो, तो निदान दोन मेगाओहम हवा. इन्व्हर्टर फ्रिजवर मेगर लावण्याआधी कार्ड सोडवायला लागतं, म्हणून तिथे कंपनीचाच माणूस बोलवा.

फ्रिज उघडताना एक लक्षात ठेवा. आता येणाऱ्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन वायू असतो. तो पेटणारा आहे. मागच्या पट्टीवर नाव आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. मात्रा थोडी असते, पण बर्फ सुरीने खरवडताना नळी फुटली तर खिडक्या उघडा, कोणतंही बटण दाबू नका आणि शेगडी पेटवू नका. अशा फ्रिजच्या नळीचं झाळकाम घरात, गॅस सिलिंडरशेजारी करू देऊ नका.

नवा फ्रिज बसवताना

आधी सॉकेट तपासा, मग फ्रिज आणा. उलट क्रमाने केलं की "तात्पुरतं" म्हणून एक्स्टेन्शन येतं आणि कायमचं राहतं. सॉकेट फ्रिजच्या अगदी मागे नको, बाजूला हवं, म्हणजे अडचणीच्या वेळी फ्रिज न हलवता पिन काढता येते. सिंकपासून आणि शेगडीपासून लांब ठेवा, मागे-बाजूला पुस्तिकेत सांगितलेली हवेची जागा सोडा, वायर पायाखाली चेपू देऊ नका. टेम्पोतून आडवा आणला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्या, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसावं लागतं. लाइट गेली आणि लगेच आली तर जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर तीन-चार मिनिटं थांबवूनच चालू करावा. शेतीपंप सुरू झाले की दाब कोसळतो अशा गावांत स्टॅबिलायझर लागतोच. तो तीन पिनांचा, आत अर्थिंग सलग असलेलाच घ्या, आणि लावल्यावर फ्रिजच्या बॉडीपासून पिनेच्या जाड काडीपर्यंत सलगता मीटरवर बघून घ्या.

नदीकाठच्या घरांना आणखी एक सांगायचं आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुराचा इशारा आला की पाणी उंबऱ्याला लागायची वाट न बघता मेन बंद करा, पिन काढा, जमलं तर फ्रिज माडीवर न्या. पाणी ओसरल्यावर बुडालेला फ्रिज वरून पुसून, उन्हात ठेवून सुरू करू नका. आत इन्सुलेशनमध्ये आणि टर्मिनलमध्ये गाळ बसलेला असतो, तो मेगरशिवाय कळत नाही. भिंतीतली सॉकेटं, मेन बोर्ड आणि अर्थिंगचा क्लॅम्प, तिन्ही उघडून साफ करून घ्या. पूर येऊन गेलेल्या घरांत अर्थिंगचा क्लॅम्प नंतरच्या एक-दोन वर्षांत गंजून सुटतो आणि करंटची तक्रार तेव्हा सुरू होते, त्यामुळे पुराशी तिचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. नवीन वायरिंग करणार असाल तर स्वयंपाकघरातली सॉकेटं कमरेच्या वर घ्या.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण मला माहीत आहे. मालक खड्डा खणून देत नाहीत, आणि भाडेकरू स्वतःच्या खर्चाने कशाला करेल? अशा वेळी निदान फ्रिजच्या सॉकेटाआधी छोट्या डबीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आणि एमसीबी बसवून घ्या. खोली सोडताना ते काढून नेता येतं. मालकाकडे अर्थिंगची मागणी मात्र चालू ठेवा, आणि मीटरवरचं वाचन त्यांना समोर उभं करून दाखवा. फ्लॅटमध्ये असाल तर खड्डा सगळ्या इमारतीचा मिळून असतो. एकट्याच्या घरात करंट येत असेल तर दोष तुमच्या वायरिंगमध्ये, तीन-चार घरांत येत असेल तर तळमजल्यावर मीटरच्या पॅनेलमागे जाऊन हिरवी वायर अर्थिंगच्या पट्टीला लागलेली आहे का ते बघायला सोसायटीच्या वायरमनला सांगा. ती सुटलेली असण्याची शक्यता बरीच आहे. आणि आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पडलं नाही तर ते त्याच आठवड्यात बदला.